नाव एकच, चिप वेगळी

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर (पत्त्यात डॉ. भडकमकर मार्ग, बोलण्यात मात्र अजूनही लॅमिंग्टन रोडच) संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "आठ-आठच्या दोन स्टिक आहेत, अजून दोन टाकल्या तर चालतील ना?" दुकानदार मॉडेल नंबर विचारतो, गिऱ्हाईक मोबाइलमधला फोटो दाखवतं, नंबर जुळतो आणि "सेम टू सेम आहे, बिनधास्त लावा" म्हणत बिल फाडलं जातं. घरी चारही पट्ट्या खटकन बसतात. संगणक बहुतेक वेळा चालूही होतो. कधी मात्र पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळाच राहतो. कधी याहूनही वाईट घडतं. सगळं सुरळीत चालतं, आठ-दहा दिवसांतून एकदा निळा पडदा येतो, आणि त्याचा संबंध रॅमशी असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

दुकानदार खोटं बोललेला नसतो. नंबर खरोखर तोच असतो. त्या नंबरामागची चिपही तीच असेल, असं मात्र कुणीच कबूल केलेलं नसतं.

रॅम विकणारी नावं बाजारात ढीगभर आहेत: कोर्सेअर, जी.स्किल, किंग्स्टन, एडाटा. पण पट्टीवर बसणारी काळी चिप बनवणारे जगात मोजकेच. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या कारखान्यांतून जगातली बहुतांश डीरॅम बाहेर पडते. ब्रँडवाल्या कंपन्या त्या वेळी जी चिप परवडते आणि मिळते ती घेतात, पट्टीवर चढवतात, वर ॲल्युमिनियमचं आवरण चिकटवतात आणि लेबल लावतात. लेबलवर चार गोष्टींचं आश्वासन असतं: क्षमता, वेग, टायमिंग आणि व्होल्टेज. आत कोणाची चिप आहे, हे त्या आश्वासनात येत नाही. कोर्सेअरच्या डीडीआर४ पट्ट्यांवर बारीक अक्षरांत एक आवृत्ती क्रमांक छापलेला असतो. तो ३ने सुरू होत असेल तर चिप मायक्रॉनची, ४ने असेल तर सॅमसंगची, ५ने असेल तर हायनिक्सची. मॉडेल नंबर अक्षरन्‌अक्षर सारखा आणि हा बारीक आकडा निराळा, असं सर्रास आढळतं. म्हणजे २०१९ साली घेतलेली जोडी आणि २०२२ साली घेतलेली जोडी नावानं सख्ख्या बहिणी असल्या, तरी त्यांचं माहेर वेगळं असू शकतं.

माहेर वेगळं असल्यानं काय बिघडतं, ते कळण्यासाठी चिपच्या आत डोकवावं लागतं. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड या अभियंत्याला १९६८ साली ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तीच आजही चालू आहे: एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर मिळून एक बिट. कपॅसिटरमध्ये भार असला तर १, नसला तर ०. हा कपॅसिटर म्हणजे भोक पडलेली घागर. भरली की लगेच झिरपायला लागते. म्हणून डीडीआर४मध्ये अशा बिटांची प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा वाचून पुन्हा भरावी लागते, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली तर त्याच्या दुप्पट वेळा. वीज गेली की संगणकाला सगळं विसरायला होतं, त्याचं कारण इतकं साधं आहे.

घागर भरायला, ओळ उघडायला, भार ओळखायला आणि ओळ मिटायला ठरावीक वेळ लागतो. लेबलवरचे १६-१८-१८-३८ हे कोड्यासारखे आकडे म्हणजे हाच वेळ, मात्र सेकंदांत नव्हे, घड्याळाच्या ठोक्यांत मोजलेला. हिशेब सोपा आहे. '३२००' लिहिलेल्या पट्टीचं घड्याळ प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्‌झवर चालतं. प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती जाते, म्हणून ३२००. (खोक्यावर '३२०० मेगाहर्ट्‌झ' छापणं हा सगळ्या धंद्यानं संगनमतानं चालवलेला एक गोड गैरसमज आहे.) एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. सीएल१६ म्हणजे सोळा ठोके, म्हणजे १० नॅनोसेकंद. साध्या, प्रमाणित ३२०० पट्टीचा सीएल असतो २२, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. आता २६६६ वेगाची सीएल१९ पट्टी घ्या. तिचा ठोका ०.७५ नॅनोसेकंदाचा, म्हणून वेळ १४.२५. म्हणजे '३२००' आणि '२६६६' या आकड्यांतलं अंतर डोळ्यांत भरतं, पण पहिला बिट हाती यायला दोघींना लागणारा वेळ जवळजवळ सारखाच. उलट, '३२००' अशी एकच पाटी लावलेल्या दोन पट्ट्यांत पावणेचार नॅनोसेकंदांचा फरक असू शकतो.

हे सगळे आकडे पट्टीच्याच अंगावर, एका इवल्याशा चिपमध्ये लिहून ठेवलेले असतात. तिला एसपीडी म्हणतात. डीडीआर४मध्ये तिची जागा ५१२ बाइट, म्हणजे मराठीतला एखादा छोटा परिच्छेद जेमतेम मावेल इतकी. संगणक चालू झाला की बायोस प्रत्येक स्लॉटमधल्या पट्टीची ही पत्रिका वाचतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं आखून दिलेले सुरक्षित वेग तिच्यात असतात, आणि महागड्या पट्ट्यांत त्यांच्या जोडीला एक्सएमपी किंवा एक्सपो नावाची वेगवान प्रोफाइल. पहिली पद्धत इंटेलनं २००७मध्ये डीडीआर३बरोबर आणली, दुसरी एएमडीनं २०२२मध्ये डीडीआर५साठी. प्रोफाइल बंद असली, तर बायोस सगळ्यांच्या पत्रिका समोर ठेवून सर्वांत मंद पट्टीला झेपेल असा वेग निवडतो. इथपर्यंत कुणाच्या मिसळण्यानं फारसं बिघडत नाही.

गाडी अडते ती प्रोफाइल चालू केल्यावर.

बैलबाजारात खिल्लारी जोडी विकायला येते, तेव्हा तिची किंमत दोन सुट्या बैलांच्या बेरजेइतकी नसते. उंची जुळलेली, चाल जुळलेली, एका जुवाखाली चालून पाहिलेली म्हणून ती जोडी. रॅमचं किट म्हणजे नेमकं हेच. १६ जीबीचं दोन पट्ट्यांचं किट विकताना कंपनीनं त्या दोन पट्ट्या एकत्र तपासलेल्या असतात, आणि '३२००, सीएल१६, १.३५ व्होल्ट' हे वचन त्या जोडीपुरतंच असतं. शेजारच्या शेतकऱ्याची जोडीही तितकीच उमदी असेल, पण चौघांना एकाच नांगराला जुंपलं तर काय होईल, याची हमी दोघांपैकी कुणीच दिलेली नाही. म्हणूनच रॅम कंपन्या 'दोन किट मिसळू नका' असं सांगतात आणि ३२ जीबी हवी असेल तर चार पट्ट्यांचं एक किट वेगळं विकतात. यात विक्रीची हुशारी आहेच. पण नुसती हुशारी नाही.

वरच्या चार आकड्यांखाली आणखी डझनावारी टायमिंग दडलेली असतात, जी लेबलवर येतच नाहीत. ओळी ताज्या करायला किती वेळ थांबायचं, बँकांच्या (म्हणजे ओळींच्या कप्प्यांच्या) एका गटातून दुसऱ्या गटात उडी मारताना किती, लिहून झाल्यावर लगेच वाचायचं तर किती. सॅमसंगच्या एका चिपला जे झेपतं ते मायक्रॉनच्या चिपला झेपेलच असं नाही. त्यात पट्टीची बांधणीही वेगळी असते. जुन्या ८ जीबी पट्टीवर बहुधा आठ चिप दिसतात. अलीकडच्या स्वस्त पट्टीवर चारच, पण दुप्पट क्षमतेच्या आणि दुप्पट रुंदीच्या. सॉफ्टवेअर दोन्हींना ८ जीबीच म्हणतं, पण चार चिपवालीच्या आत बँकांचे गट निम्मे, म्हणून ती जरा आळशी. काही पट्ट्यांवर एकच रँक, म्हणजे चिपचा एकच संच असतो, काहींवर दोन. लेबलवर १आरx८, २आरx८ असं काहीतरी लिहिलेलं असेल तर ते हेच, आणि जोडी जमवताना मॉडेल नंबराइतकंच ते पाहण्यासारखं आहे.

आता पट्टीकडून मदरबोर्डकडे. प्रोसेसरपासून स्लॉटपर्यंत तांब्याच्या केसासारख्या बारीक रेषा धावतात. डीडीआर४ ३२०० वेगात एका बिटच्या वाट्याला ३१२ पिकोसेकंद येतात. तेवढ्यात प्रकाश पोकळीत जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर जातो आणि बोर्डाच्या पदार्थातून जाणारा संकेत त्याच्या निम्माच. म्हणजे एक बिट स्लॉटपर्यंत पोचतो न पोचतो तोच मागून दुसरा निघालेला असतो. अशा वेळी रेषेवर एकाऐवजी दोन पट्ट्या लटकल्या, की संकेत दोन ठिकाणी धडकतो, थोडा परत फिरतो आणि मागून येणाऱ्यात मिसळतो. घाटात हाक मारावी आणि आपलाच प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर आदळावा, तसं. पुष्कळ बोर्डांवर दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेही याच कारणानं. रेषेचं टोक उघडं ठेवण्यापेक्षा पट्टीनं बंद केलेलं बरं.

डीडीआर५ आल्यापासून ही अडचण तर्कापुरती राहिलेली नाही, ती कंपन्यांच्या तक्त्यांत छापलेली आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी दोन पट्ट्यांचा अधिकृत वेग ५२००, आणि चार पट्ट्यांचा ३६००. इंटेलच्या बाराव्या पिढीत चार स्लॉटच्या बोर्डावर दोन रँकवाल्या चार पट्ट्या लावल्या तर वेग तितकाच, ३६००. इथे वेगवेगळ्या किटचा प्रश्नच नाही. चारही पट्ट्या एकाच खोक्यातून निघालेल्या असल्या, तरी आकडा हाच. ६००० वेगाच्या दोन पट्ट्या सेकंदाला ९६ जीबी माहिती ने-आण करू शकतात. चार पट्ट्या ३६००वर आल्या की ती क्षमता ५७.६ जीबीवर उतरते. जागा दुप्पट झाली, रस्ता मात्र अरुंद झाला. बायोसमध्ये कसरत करून बरेच जण चार पट्ट्या याहून वर नेतात हे खरं, पण ती कसरत ज्याची त्याच्या जबाबदारीवर. म्हणून डीडीआर५च्या घरगुती संगणकात आणखी दोन पट्ट्या घालण्यापेक्षा जुन्या दोन विकून मोठ्या क्षमतेच्या दोन घेणं, हा जवळजवळ नेहमीच शहाणा सौदा ठरतो.

गंमत अशी, की पूर्वी एकेकटी पट्टी लावण्याची सोयच नव्हती. ३० पिनांची जुनी पट्टी एका वेळी आठच बिट द्यायची आणि ४८६ प्रोसेसरला ३२ लागायचे, म्हणून चार-चारच्या गटानंच लावावी लागे. पेंटियमच्या काळात ७२ पिनांच्या पट्ट्या दोन-दोन. पेंटियम ४च्या सुरुवातीला आलेल्या रॅम्बस मेमरीनं तर कहर केला. जोडी लावायचीच, शिवाय रिकाम्या राहिलेल्या स्लॉटमध्येही चिप नसलेली डमी पट्टी खोचायची, नाहीतर साखळी तुटायची. त्या मानानं आजचं गिऱ्हाईक सुखी आहे.

मग मिसळूच नये का? असा सरसकट निकाल देणं चुकीचं होईल, आणि आपल्याकडच्या वापराला तर ते अजिबातच लागू पडत नाही. असेंबल केलेल्या हजारो संगणकांत सुरुवातीला पैसे वाचवायला ८ जीबीची एकच पट्टी टाकलेली असते. '३२००'ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देते. तिच्या सोबतीला कुणाच्या तरी जुन्या संगणकातली २६६६ची पट्टी लावली, तर बायोस दोघींना २६६६वर आणतो. पण आता चॅनेल, म्हणजे प्रोसेसरकडे जाणारे माहितीचे रस्ते, दोन झाले, म्हणजे ४२.७ जीबी. वेग उतरूनही रस्ता दीडपटीहून रुंद. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात हा फरक खेळताना आणि व्हिडिओ संपादनात उघड दिसतो. अशा ठिकाणी 'बेजोड' पट्टी लावायला कचरणं हाच तोटा. क्षमता सारखी नसली तरीही अडत नाही. १६ आणि ८ जीबी एकत्र लावल्या, तर आठात आठ मिळून १६ जीबीचा भाग दोन चॅनेलनं चालतो आणि उरलेला आठ जीबीचा भाग एका चॅनेलनं.

मिसळून चालणार नाही अशा गोष्टी मात्र ओळखून ठेवाव्यात. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघींना पिना २८८च, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. जोर लावला तर स्लॉट मोडेल. ऑनलाइन बाजारात सर्व्हरमधून काढलेल्या 'ईसीसी रजिस्टर्ड' पट्ट्या मोहात पाडणाऱ्या भावात मिळतात. त्या घरच्या डेस्कटॉपवर चालत नाहीत, आणि डीडीआर४मध्ये तर त्या स्लॉटमध्ये बसतात, म्हणूनच फसगत जास्त.

खरा धोका संगणक चालू न होण्यात नाही. तो चालू होण्यात आहे. पडदा काळा राहिला तर निदान काहीतरी बिनसलंय हे कळतं. पण चार पट्ट्या काठावर चालत असतील, तर तासा-दोन तासांनी एखादा बिट चुकतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. युनिकोडमध्ये 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आणि 'औ'चा २३२४. दोघांत फरक फक्त शेवटच्या एका बिटचा. म्हणजे फाइल रॅममध्ये असताना तो एक बिट उलटला, की मराठी मजकुरातल्या 'कर'चा थेट हिंदी 'और' होतो. मुद्रितशोधकाला राग येईल, पण निदान ते दिसेल तरी. तोच बिट जमाखर्चाच्या तक्त्यात, लग्नाच्या फोटोत किंवा झिप केलेल्या बॅकअपमध्ये उलटला, तर वर्षभरानं फाइल उघडायला जाईपर्यंत कळत नाही. नव्या जागी नक्कल केलेली प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते, हे लोक विसरतात.

म्हणून दुसरं किट लावायचंच असेल, तर क्रम ठरलेला असावा. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर जुन्या पट्ट्यांची पत्रिका दाखवतं: चिप कोणाची, रँक किती, टायमिंग काय, कोणत्या आठवड्यात बनली. हे दुकानात जाण्याआधी पाहून घ्यावं. पट्ट्या लावताना प्रत्येक चॅनेलवर क्षमता सारखी येईल असं पाहावं. आठच्या दोन आणि चारच्या दोन असतील, तर प्रत्येक चॅनेलवर एक आठची, एक चारची. पहिल्यांदा चालू करताना एक्सएमपी बंद. डीडीआर५ असेल तर धीर धरा. बोर्ड नव्या पट्ट्यांशी सूर जुळवत काही मिनिटं काळा पडदा दाखवू शकतो, आणि घाबरून मध्येच बटण दाबणारे स्वतःचंच काम वाढवतात. चालू झाला की मग प्रोफाइल. ती पेलली नाही तर वेग ३२००वरून २९३३, मग २६६६, असं एकेक पायरी खाली यावं. कमांड रेट १टीवरून २टी केल्यानंही, म्हणजे आज्ञेला एकाऐवजी दोन ठोके दिल्यानंही, चार पट्ट्यांचं पुष्कळदा जमून जातं. २९३३वर बिनचूक चालणारा संगणक ३२००वर अधूनमधून अडखळणाऱ्या संगणकापेक्षा कितीतरी वेगवान.

मोठ्या क्षमतेच्या दोन नव्या पट्ट्या घेण्याचा पर्याय परवडेनासा झाल्यानं सध्या हे सगळं जास्तच गरजेचं झालं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी डीरॅमची मागणी इतकी ओढून घेतली, की २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले, आणि त्या डिसेंबरात मायक्रॉननं 'क्रुशिअल' हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुनी पट्टी मोडीत काढण्याऐवजी तिच्या शेजारी दुसरी, मिळेल ती पट्टी बसवणारे आता वाढणार, हे उघड आहे.

त्या सगळ्यांना एकच विनंती. नवी पट्टी लावली त्या रात्री संगणकावर काम करू नका. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करा, चारही फेऱ्या होऊ द्या आणि झोपायला जा. सकाळी चुकांचा आकडा शून्य असेल तर कामाला लागा. एक जरी चूक दिसली, तर वेग उतरवून पुन्हा तपासा, आणि तरीही गेली नाही तर पट्टी परत करा. किटमधली एकच बिघडली असली तरी कंपन्या बहुधा पूर्ण किट मागतात, तेव्हा दोन किटच्या पट्ट्यांची आपसांत सरमिसळ होऊ देऊ नका. बिल आणि खोकं तोवर जपून ठेवा.